माळ्यावरचा दिवस

कोलंबी सोलताना पुतळाबाईंचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा हरेश्वर आईला वेसाव्याहून अंधेरीला स्कॅनला घेऊन गेला. मेंदूतलं डोपामाइन नीट काम करतंय का, ते बघायला किरणोत्सारी औषधाची सुई टोचली. "आज लहान मुलांना जवळ घेऊ नका. वेगळ्या खोलीत बसा," तिथल्या मॅडमनी बजावलं.

घरी आल्याबरोबर त्यांची रवानगी माळ्यावर झाली. सुनेनं ताट वर आणून दिलं, जुळ्या नातवंडांना शिडीकडे फिरकू दिलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच पुतळाबाई दिवसाउजेडी गाढ झोपल्या.

रिपोर्ट चांगला आला. "मेंदू ठीक आहे. हात थकव्यानं थरथरतोय, आजींना जरा आराम द्या," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे काय नाय ना झालेलं? झकास," हरेश्वर म्हणाला. घरी पोचताच त्यानं दोन्ही पोरं आईच्या मांडीवर दिली आणि कोलंबीची पाटी तिच्या पुढ्यात सरकवली.



दुसऱ्या दिवशी, हरेश्वर आपल्याकडे बघतोय याची खात्री करून, पुतळाबाईंनी डावा हातही थरथरवला.