बोळातला दरवाजा

गोंदियाच्या बाजारात दोन दुकानांच्या मधल्या चिंचोळ्या जागेवर नाटकघर बांधायचं ठरलं. नकाशा केशोराव ओव्हरसियर काढत होता आणि जागा रामलालशेठची होती. एका दरवाजावरून दोघांचं वर्षभर वाजत होतं. बायकांच्या बसायच्या जागेतून मागच्या बोळात उघडणारा तो दरवाजा शेठला नको होता.

"त्या बोळात घर एकच, तेही तुमचं," शेठ म्हणायचा. "घरवालीसाठी थेटर बांधून राहिले का? तिथं माझी दोन बाकं बसतात."

"माझी शामकला दंडारीचा खेळ पाहता पाहता चुलीवरचा भात उतरवाले उठते," केशोराव सांगायचा. "वापस येते तं गर्दीत वाट भेटत नाही. आजवर एक खेळ पुरा पाहिला नाही तिनं."

शेठ महिनाभर कलकत्त्याला जाऊन आला. केशोरावनं पक्का नकाशा त्याच्यासमोर उलगडला. शेठनं मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"दरवाजा कुठं गेला?"

"काढला."

"वर्षभर माझं डोकं खाल्लं, अन् आता काऊन काढला?"

केशोरावनं घाम पुसायला टोपी काढली. मुंडण केलेल्या डोक्यावर केस नुकतेच उगवू लागले होते. शेठचं बोट नकाशावर तसंच राहिलं.

"आता भात उतरवाले कोणी उठत नाही, शेठ," केशोराव म्हणाला. "तुमची दोन बाकं बसवा."