काचेवरचा तळवा

विधी ग्रंथालयात तिथला कर्मचारी धम्मदीप माझ्या मुलीसाठी, नंदिनीसाठी, एका जुन्या निवाड्याची झेरॉक्स काढत होता. जाड खंड काचेवर हाताने दाबून धरावा लागतो. म्हणून प्रतीवर उमटलेला तळवा मी त्याचाच मानला.

"माहा हात वरून हाये, सर. काहून असं होऊन राहिलं?"

मी पडताळणी केली. खंड उचलला, काच पुसली, झाकण बंद करून पुन्हा प्रत काढली. तरीही तळवा उमटला, बोटे ताणलेली. अंगठ्याखाली भाजल्याचा अर्धचंद्राकृती व्रण होता. तो नंदिनीचा, लहानपणापासूनचा.

मी वळलो. नंदिनी समोरच्या टेबलाशी वाचत बसली होती.

"बाबा, झालं काय?" तिने हसून तोच हात उंचावला.

तळव्यावर व्रण नव्हता.

माझ्यामागे यंत्राने आपणहून आणखी एक प्रत काढली. धम्मदीपने ती मला पाहू दिली नाही.