तडा दाखवा

“मावशी, तडा कुठंय?”

कुशाबाई घराच्या मागच्या भिंतीकडं बघत राहिल्या. तडा तिथंच होता, हात आत जाईल एवढा. पण काल त्यांनीच तो चिखलानं बुजवला होता, वरून शेणाचा हात फिरवला होता आणि चुन्याची बोटंही ओढली होती. पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर येडगावातली कुठली बाई घर उघडंवाघडं दाखवेल? नात मोहिनी म्हणाली होती, “आज्जे, राहू दे की तसंच.” तिचं ऐकतंय कोण!

साहेबांनी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत घर अगदी देखणं आलं. पडक्या घराच्या सरकारी मदतीसाठी तालुक्याला खेपा घालून कुशाबाईंच्या चपला झिजल्या, तेव्हा कुठं हे साहेब उगवले होते. आणि आता त्यांनाच घाई.

“छान ठेवलंय की घर. मी दिसतं तेच लिहिणार. पडलं की या, लगेच मदत मिळते.”

“पडंल तवा आमी आजी-नात आतच आसू की, साहेब.”

“मग तडा दाखवा ना!”

घरात माणसं गाडली गेल्यावर छप्पर देणारी ही कसली योजना? पण हे साहेबांना विचारायचं कुणी?

कुशाबाईंनी खुरपं आणलं. ओला लेप खरवडायला घेतला. एक ढेकूळ निघालं, मागोमाग दुसरं. फट दिसू लागली.

“अजून थोडं,” साहेब मोबाईल रोखून म्हणाले.

कुशाबाईंनी अजून थोडं खरवडलं. भिंत हलली. शेजारी उभ्या मोहिनीनं आजीला दंडाला धरून मागं खेचलं आणि सगळी भिंत आतल्या बाजूला बसली. पाठोपाठ वासे आले, कौलं आली. दोघी रोज जिथं निजायच्या, तिथं कमरेएवढा मातीचा ढीग झाला.

धुरळा खाली बसला. घर गेलं होतं, पण निदान खोटं पडायची वेळ तरी टळली, असं कुशाबाईंना वाटलं.

“आता तर दिसलं न्हवं, साहेब? आता तरी लिवा.”

साहेबांनी शर्टावरची माती झटकली. मग कुशाबाईंच्या हातातल्या खुरप्याकडं बोट दाखवलं.

“मावशी, स्वतःच्या हातानं पाडलेल्या घराला मदत नसते.”