म्हातारपणाचा रकाना

भीमाबाबांचा दहावा उरकल्यावर आरोग्य केंद्राची आशाताई रुपाली मृत्यूची नोंद घ्यायला त्यांच्या ओट्यावर टेकली. कारणाच्या रकान्यात तिनं सवयीनं ‘म्हातारपण’ लिहिलं. गावात चाळिशीपुढचं कुणीही गेलं की हेच लिहायचं. कॅन्सर म्हटलं तर सोयरिकी मोडतात. भीमाबाबांच्या पत्नी गोजरबाईंनी त्यांची नगरच्या दवाखान्यातली फाईल तिच्या मांडीवर ठेवली. “खोड ते. कॅन्सर लिव.” “वैनी, पोरींची लग्नं व्हायचीत,” गेल्या साली बायको गेलेला दीर कुजबुजला. “व्हतील. नगरात येळेवर तपासून मानसं वाचत्यात. आपल्याकडं तपासणीची गाडी येत न्हाई. का? कागदावर हितं कॅन्सरच न्हाई!” रुपालीनं शंभरेक मरणं लिहिली होती, पण एवढ्या काळजाची बाई पहिल्यांदाच भेटली. तिनं ‘म्हातारपण’ खोडलं. दीरानं खोडलेल्या शब्दाकडं पाहिलं. मग जवळ सरकून म्हणाला, “आमच्या हिचं बी खोड, पोरी. तिला कुठं म्हातारपण आलं हुतं?”