जास्तीची आठ फडकी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण यात मी माझ्याच दोस्तावर शक घेतलाय.

दगडोबा वनमजूर हाय. इस्लापूरच्या पुढं आमच्या गावचं सागवान त्याच्या राखणीत. गेल्या साली चोरटे लई माजले, तेव्हा आम्ही दोघांनी अकरा मोठ्या सागांना लाल फडकी बांधली, शेंदूर लावला. देवाचं झाड म्हणलं की कुऱ्हाड थांबते. थांबली बी.

काल त्याच्यासंगं आत गेलो. सगळं जंगल पांढऱ्या फुलोऱ्यात. पण फडकं बांधलेली काही झाडं नुसती खराटा. मी फडकी मोजली.

"दगडोबा, आपण अकरा बांधली होती ना?"

"हाव."

"ही एकोणीस हायत."

"बांधली असतील कुणी. नवस बोलतात लोक." तो माझ्याकडं बघेना.

आपली अकरा हिरवीगार. जास्तीची आठ तेवढी वाळलेली. बराबर आठ.

"ह्याचं फडकं सोड."

"येडा झाला का? देवाचं हाय."

"सोड म्हणतो."

तो झाडाला पाठ लावून उभा राहिला. हातात कोयता. माझ्या डोक्यात आलं, हाच. ह्याच्याशिवाय इथं रोज येतं कोण?

"काय लपवून राहिला तू?"

"मी? फडक्याचं डोकं कुणाचं? तुझं. आणली कुणी? तू. ही आठ बी तूच बांधली असशील, मला काय म्हाईत?"

म्हणजे त्याला माझ्यावर शक. मग तो रागात वळला, झाडालाच "माफ कर माय" म्हणला आणि कोयत्यानं गाठ कापली.

फडक्याखाली झाडाची साल गोल सोलून काढलेली. वीतभर रुंद, चारी बाजूंनी. अशी साल काढली की झाड उभ्या उभ्या वाळतं. उन्हाळ्यात केलं असणार. तेव्हा सगळंच सागवान बोडकं असतं, कोण ओळखणार?

दगडोबा खालीच बसला.

"रोज सकाळी हात जोडले रे ह्याला," तो म्हणला. "हात लावला न्हाई."

मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. उद्याच्या ग्रामसभेचा ठराव. वाळलेली आठ सागवान झाडं तोडायला परवानगी मिळावी. जिवंत साग तोडू देत न्हाईत, वाळलेला देतात. खाली वन समितीचे अध्यक्ष अनंतराव गुरुजींची सही. तिच्या बाजूला राखणदार म्हणून दगडोबाच्या सहीची जागा, मोकळी.

"गुरुजींना आठ कुणी सांगितलं? तू?"

"मी कुणालाच बोललो न्हाई. म्हणलं देवाचा कोप हाय, गाव घाबरंल."

"ते कधी आले होते इकडं?"

"वरीस झालं. गुडघे दुखतात त्यांचे. घराच्या पायऱ्या उतरत न्हाईत."

मग न येता आठ कशी मोजली? ज्यानं साल सोलली त्यालाच आकडा म्हाईत.

"सही करू नको," मी म्हणलो. "केली तर पुढल्या साली अजून फडकी वाढतील."

"न्हाई केली तर म्हणतील, राखणदारानंच साल सोलली. तू तरी काय म्हणला आत्ता?"

मी खाली पडलेलं फडकं उचललं.

"सभेतून सगळ्यांना इथं आणू," मी म्हणलो. "राहिलेली सात गावासमोर सोडू."

"माझी माय पहिली आडवी येईल. मनकर्णाबाई म्हणतात तिला, कुणाचं ऐकत न्हाई. रोज दिवा लावते इथं. मी फडकं सोडलं तर माझ्या हातचं पाणी पिणार न्हाई."

"तू सोडू नको. कागद तेवढा वाचून दाखव. गाठी मी सोडतो, एकेक, तुझ्या मायसमोर. कोप व्हायचा तर आधी माझ्यावर होऊ दे."

"शब्द?"

"शब्द."