कोंबड्याचं वचन

सॅमसन टेम्पोवाला उशिरा आला, मार्थानं हौसेनं आपल्या अलीकडं त्याला खुर्ची घातली, आणि तिथंच एंजेलाबाईचा घात झाला.

देवळात बुधवारचा बायबल अभ्यास. खुर्च्या गोल मांडलेल्या, आळीपाळीनं एकेकानं एक वचन वाचायचं. आता एंजेलाबाईला अक्षर म्हणजे काळी मुंगी. जन्मभर ती दर रविवारी चष्मा लावून पुस्तक उघडायची, लोकांनी पान उलटलं की आपणही उलटायची. कुणाला पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते एकट्या मार्थाला. औषधाच्या बाटलीवरचं, यष्टीच्या पाटीवरचं, सगळं तीच हळूच वाचून द्यायची.

त्याच मार्थानं गळ घातली होती. "शास्त्र काय निस्तं पोरासोरांनी शिकायचं व्हय? तू आलीस तर आळीतल्या समद्या बाया येत्याल."

"आन् माझी पाळी आली म्हंजी?"

"माझ्या शेजारी बस. तुझ्या वाट्याला कोंबड्याचं वचन येतंय, मी बघून ठिवलंय. पाठ कर. आन् अडलीसच तर मी हाय की! तुझं बी मीच वाचून टाकीन."

कोंबड्याचं वचन म्हणजे पेत्राच्या गोष्टीतलं. येशूला धरून नेलं तेव्हा त्याच्या जिवाभावाच्या पेत्रानं, आपण त्याला ओळखतच नाही, असं तीनदा सांगितलं आणि तेवढ्यात कोंबडा आरवला. एंजेलाबाईनं ते वचन धार काढताना असं घोकलं, असं घोकलं, की शेवटी म्हैस ते ऐकल्याबिगर पान्हाच सोडेना. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

पण सॅमसन मार्थाच्या आधी बसला आणि वचनं एकेक घर सरकली. कोंबडा गेला मार्थाच्या वाट्याला. तिनं तो गोड आवाजात, थांबत थांबत वाचला.

"छान," पाळकसाहेब म्हणाले. "आता एंजेलाबाई."

एंजेलाबाईनं मार्थाकडं बघितलं. मार्था पुस्तकात बघत होती. एंजेलाबाईनं गुडघ्यानं तिचा गुडघा हलवला. मार्थानं पाय आखडून घेतला.

"वाचा ना, बाई."

समोरून स्टेला पुढं वाकली. "अगं बया! वाचायला येत न्हाई व्हय तुला? मग चष्मा लावून इतकी वर्सं काय बघत हुतीस, किडं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकसाहेब बिचारे अवघडले. "मार्थाबाई, यांना तुम्हीच आणलंत ना? आधी माझ्या कानावर घालायचं."

"मला तरी काय ठाव, साहेब?"

"भिंतीला भिंत हाय तुमची," स्टेला म्हणाली. "आन् तुला ठाव न्हाई?"

"भिंत आसली म्हनून काय झालं? नळावर येता-जाता बोलनं, तेवढंच. मला बी आत्ताच कळतंय."

एंजेलाबाईनं चष्मा काढला. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग गोठ्यात म्हणायची तसंच, कुणाकडं न बघता, तिनं आपलं पाठ केलेलं वचन म्हटलं. थेट कोंबडा आरवण्यापर्यंत.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, ते झालं की वाचून. मार्थाबाईंनी वाचलं."

"व्हय, ऐकलं मी," एंजेलाबाई म्हणाली. "पर तवा जरा लवकरच आरवला."