पाठीला पेपर

थंडीत मोटारसायकल चालवताना सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचं, ही मनकर्णाबाईंची युक्ती. रोज सकाळी नवऱ्याच्या छातीवर पेपर नीट बसवून त्या राजदूतवर मागं बसायच्या. दोघंही एकाच शाळेत शिकवायची. "वारा सगळा माझ्या अंगावर, तू मागं मजेत," यशवंत गुरुजी कुरकुरायचे. बाई वारल्या त्याला महिना झाला. आज गुरुजी पहिल्यांदाच एकटे शाळेला निघाले. पेपर आठवणीनं छातीवर घेतला होता, तरी सोलापूर सोडून तिऱ्हे गावच्या टपरीवर पोचेपर्यंत पाठ गारठून गेली. चहा ओतणाऱ्या भीमाला त्यांनी विचारलं, "रद्दीतला पेपर हाय का एखादा?" "छातीला हाय की, गुरुजी." "पाठीला पायजे." भीमा हसला. "वारं तर पुढनं येतंय. पाठीला कोण लावतंय पेपर?" गुरुजींनी गाडीच्या मागच्या गार सीटवर हात ठेवला. "सात वर्षं कधी लागला न्हाय रे."